माईची अकरा वर्षं

पहाटे ५.१५

उठल्यावर पहिला अर्धा तास कुणाशी बोलायचं नाही, हा माझा जुना नियम. कोमट पाणी, मग खिडकीशी बसून ओंकार, खर्जातले स्वर आणि शेवटी हाताला लागेल ते मोठ्यानं वाचणं. वर्तमानपत्र आलं असेल तर अग्रलेख वाचते. त्यातली वाक्यं लांब असतात, एका श्वासात संपत नाहीत, मध्येच श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवावं लागतं. सांगलीला राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी चालायच्या तेव्हा आमचे दिग्दर्शक हा व्यायाम रोज करून घेत. भावे नाट्यमंदिरातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाची कुजबूजसुद्धा कळली पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

आता पदराच्या आत लेपल माइक टोचलेला असतो आणि तो बांगडीचा आवाजही टिपतो. आवाज लांब फेकायची गरज उरलेली नाही. तरी मी हा रियाज सोडलेला नाही. दिवसातला सगळ्यात जड सीन पुष्कळदा रात्री आठनंतर लागतो. तोवर बारा तास उलटलेले असतात आणि वाक्याचा शेवट आपोआप खाली पडायला लागतो. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. 'मी तुला माफ' इथपर्यंत सगळं ऐकू आलं आणि पुढचं 'करणार नाही' घशातच राहिलं, तर सीन उलटाच होऊन बसतो. म्हणून पहाटे उठून श्वास राखायचा.

६.४५

मुलुंडहून घोडबंदर रस्ता. मराठी मालिकांचे कितीतरी सेट या रस्त्याच्या आजूबाजूला आहेत. पूर्वी शूटिंग म्हटलं की गोरेगावची चित्रनगरी, मढचे बंगले, फार तर नायगाव. मग मराठी वाहिन्या वाढल्या, मालिका रोजच्या झाल्या आणि एकेका मालिकेला वर्षानुवर्षं उभं राहील असं घर लागायला लागलं. ठाण्याच्या पुढे मोठ्या शेड भाड्यानं मिळत होत्या. बाहेरून गोदाम दिसतं. आत गेलं की वाडा असतो, तुळशीवृंदावन असतं, स्वयंपाकघरात खरा गॅस असतो.

मेट्रोच्या कामामुळे कासारवडवलीपर्यंतचा रस्ता आठनंतर हलत नाही, त्यामुळे सातच्या आत मुलुंड सोडलेलं बरं. गाडीत मी काही वाचत नाही. आज काय करायचं आहे ते मला अजून माहीत नाही, म्हणून डोकं मोकळं ठेवते.

७.५०

मेकअप रूममधली खुर्ची. शिफ्ट नऊची, पण बायकांना कॉल आधीचा असतो. मेकअपदादा बेस लावतात, हेअरच्या ताई मागे उभ्या राहून केसांत पांढऱ्या बटा काढतात. माझे स्वतःचे केस आता पुरेसे पांढरे आहेत, मात्र ते सगळीकडे सारखे पांढरे नाहीत. मालिकेत मी करते त्या माईचे पांढरे केस पहिल्या भागापासून एका ठरावीक जागी आहेत, कपाळाच्या डाव्या बाजूला. त्यामुळे माझे पांढरे झाकून तिचे रंगवावे लागतात.

पडद्यावरच्या माझ्या मुलात आणि माझ्यात प्रत्यक्षात जेमतेम चौदा वर्षांचं अंतर आहे. बायकांना या धंद्यात म्हातारपण लवकर देतात. रोहिणी हट्टंगडींनी ॲटनबरोंच्या 'गांधी'मध्ये कस्तुरबा केल्या तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या. चित्रपट १९८२ चा. त्या एका भूमिकेत त्यांनी तरुणपणापासून मृत्यूपर्यंतचं सगळं आयुष्य चेहऱ्यावर आणि चालण्यात आणलं आणि त्यासाठी त्यांना ब्रिटिश अकादमीचा, म्हणजे बाफ्टा पुरस्कार मिळाला. पुढे दोनच वर्षांनी 'सारांश'मध्ये पुन्हा वृद्ध आई. वय वाढवून दिलं जातं, याचा मला राग येतो. पण त्या कामाकडे पाहिलं की असंही वाटतं, मिळालेल्या वयाचं काय करायचं ते शेवटी नटीच ठरवते.

ललिता पवारांची गोष्ट तर प्रत्येक नटीनं ऐकलेली असते. मूकपटांपासून नायिका. १९४२ च्या सुमारास 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. त्यानंतर त्या परत आल्या त्या सासू, आत्या, घरमालकीण म्हणून, आणि पुढची चार दशकं काम करत राहिल्या. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' लागलं, त्यात मंथरा त्याच होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, मूकपट पाहिलेली, आणि रविवारी सकाळी सगळा देश तिच्यावर चिडलेला. लोक तो मिटलेला डोळा पाहून घाबरायचे. मी मात्र त्यांचे हात बघायचे. कान भरताना मंथरेचे हात काय करतात ते पाहण्यासारखं आहे. एक वाक्य संपण्याआधी हाताची पुढची हालचाल सुरू झालेली असते.

९.१०

एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, सीनचे कागद घेऊन येतो. "ताई, तुमचे आज पाच आहेत. सतरा-ए मोठा आहे."

रोजच्या मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. त्यावर वाहिनीची क्रिएटिव्ह टीम असते, तिच्या मंजुरीनं सीन 'लॉक' होतो. जाहिराती वगळल्या तर एक भाग साधारण बावीस मिनिटांचा आणि आठवड्याला सहा भाग. म्हणजे रोज जवळजवळ एक भाग चित्रित व्हायलाच हवा. चार-सहा तयार भागांची बँक हाताशी असली तर प्रॉडक्शन सुखात असतं. पाऊस, आजारपण, कुणाची सुट्टी यांत बँक आटली की परवाच्या भागाचं शूटिंग आज चालतं. कागद सकाळी हातात पडतात, कधी दुपारी, कधी शॉट लागल्यावर.

नाटकात मला तिसऱ्या अंकाचा शेवट माहीत असतो. म्हणून पहिल्या अंकात मी ठरवू शकते की हा पेला मी नवऱ्याच्या खुर्चीजवळ ठेवणार. चित्रपटातही बांधीव पटकथा आधी मिळते. चित्रीकरण उलटसुलट झालं तरी आपण रस्त्यावर कुठे उभे आहोत ते कळतं. रोजच्या मालिकेत शेवट कुणालाच माहीत नसतो. लेखकालाही नसतो. माईचं आयुष्य मला एकेका कागदानं कळतं आणि उद्या ती काय करेल हे मला खरोखरच माहीत नसतं. म्हणून माझ्या हातात एकच गोष्ट राहते. तिचं मागचं आयुष्य मी जपू शकते.

त्यासाठी एक वही आहे. पहिल्या महिन्यापासून मी त्यात माईबद्दल जे जे सीनमध्ये आलं ते लिहून ठेवते. माहेर कुठलं, लग्न कुठे झालं, कुणाशी अबोला, कुठल्या गुडघ्याला दुखतं, चहात साखर किती, सोन्याच्या बांगड्या कधी मोडल्या. शेजारी भागाचा क्रमांक. कपड्यांची आणि दागिन्यांची कंटिन्युइटी सांभाळायला माणूस असतो, फोटो असतात. माणसाच्या मनाची कंटिन्युइटी कुणाकडे नसते. गेल्या दोन वर्षांत आमचे संवादलेखक बदलले, दिग्दर्शक बदलले, वाहिनीवर मालिका सांभाळणारी मंडळी बदलली. माईला पहिल्या दिवसापासून ओळखणारी माणसं युनिटमध्ये फार थोडी उरली आहेत.

सतरा-ए वाचला. सुनेला पुण्यात नोकरी लागली आहे. ती नेमणुकीचं पत्र माईच्या हातात देते. माई नाही म्हणते. इथपर्यंत ठीक. मग माईचं वाक्य होतं, "आमच्या घरातल्या बायकांनी नोकरीसाठी कधी उंबरठा ओलांडला नाही, मीसुद्धा नाही."

वही उघडली. माईचा नवरा गिरणीत होता. १९८२ चा संप झाला, गिरणी पुन्हा उघडली नाही, तो घरी बसला आणि माई पतसंस्थेत कॅशियर म्हणून लागली. अकरा वर्षं नोकरी केली. हे एका लांब सीनमध्ये तिनं स्वतःच्या तोंडानं मुलाला सांगितलं आहे. त्या सीननंतर मी तिला एक सवय दिली, हातात कुठलेही कागद आले की ती ते टेबलावर आपटून चारी कडा सारख्या करते. नोटांची गड्डी लावल्यासारखी. वीजबिल असो, लग्नाची पत्रिका असो.

दिग्दर्शकाला गाठलं. तिशीतला मुलगा आहे, कामाला पक्का.

"अरे, माईनं नोकरी केली आहे."

"कधी?"

मी पान दाखवलं. त्यानं कपाळाला हात लावला. "ताई, चॅनलनं लॉक केलंय. मी बोलतो, पण संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही."

सीन पाचच्या सुमाराला लागणार होता.

१०.००

पहिला सीन देवघरातला, आठ माणसांचा. आधी मास्टर, मग दोघादोघांचे शॉट, मग एकेकाचे क्लोज. आठ माणसं म्हणजे आठ क्लोज, शिवाय प्रत्येकाच्या रिॲक्शन. कॅमेऱ्यासाठी थोडं चीट करायचं, म्हणजे ज्याच्याशी बोलतोय त्याच्याकडे न बघता त्याच्या कानाजवळच्या एका बिंदूकडे बघायचं आणि तरीही त्याच्याशीच बोलायचं. नव्या मुलांना हे जड जातं. उरलेला वेळ लायटिंगचा. अकराच्या सुमाराला पूजेचा खरा कापूर संपला, स्पॉटदादा घोडबंदर रोडवरून घेऊन आले.

१.३०

जेवण. वरण-भात, पोळी, एक सुकी भाजी, एक रस्सा. मी भात टाळते, दुपारी डोळे जड होतात.

आज गुरुवार. गुरुवारी बार्कचे, म्हणजे मालिका किती बघितली गेली त्याचे, आकडे येतात आणि ते आले की सेटवरचं बोलणं बदलतं. आमचे आकडे मागच्या आठवड्यापेक्षा थोडे खाली. सुनेच्या नोकरीचा ट्रॅक नवीनच सुरू झालेला, त्यामुळे तो लांबवायचा की आवरता घ्यायचा यावर वाहिनीत बोलणं सुरू झालंच असणार. सून पुण्याला जाणार की नाही, हे आज कुठल्यातरी मीटिंगमध्ये ठरेल.

आकड्यांना नावं ठेवून मी मोकळी होत नाही. या आकड्यांवर इथल्या शंभर माणसांची घरं चालतात. पण आकडा सांगतो की इतक्या घरांत टीव्ही चालू होता. त्या घरातल्या बाईला काय लक्षात राहिलं ते आकडा सांगत नाही. मुलुंडला मी जिच्याकडून भाजी घेते त्या मावशींनी मागे मला विचारलं होतं, "पतसंस्थेतल्या त्या मॅनेजरनं तुम्हाला पुढे त्रास दिला का हो?" तो मॅनेजर एका वाक्यात येऊन गेला होता. मलाही तो वहीत शोधावा लागला. बघणारी बाई पोळ्या लाटता लाटता बघते, पण ती सगळं ठेवून घेते. तिच्यासमोर माईनं आज म्हणायचं की मी कधी उंबरठा ओलांडला नाही?

रोहिणीताईंच्या 'चार दिवस सासूचे'बद्दल मला म्हणूनच इतका आदर वाटतो. २००१ ते २०१३, तीन हजारांहून अधिक भाग, आणि आशालता देशमुख ही बाई इतकी वर्षं एकीच्याच ताब्यात. त्या आधी १९९७ मध्ये दूरदर्शनवर 'दामिनी' आली होती, मराठीतली पहिली रोजची मालिका, त्यात प्रतीक्षा लोणकर पत्रकार झाल्या होत्या. मग १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' वाहिनी आली आणि 'आभाळमाया'तल्या सुकन्या कुलकर्णींची प्राध्यापिका. लक्षात घ्या, आपल्या रोजच्या मालिकांची सुरुवात नोकरी करणाऱ्या बायकांपासून झाली आहे. पंचवीस वर्षांनंतर नोकरी या गोष्टीवर घरात भांडण लावायचं असेल तर खुशाल लावावं, भांडणं घरोघरी होतातच. पण भांडणारी बाई तरी खरी असावी.

२.३०

थांबणं. या कामाचा मोठा भाग थांबण्यात जातो आणि ते शिकावं लागतं. थांबताना झोपून गेलं तर चेहरा सुजतो, गप्पांत रमलं तर सीनसाठी साठवलेलं काहीतरी सांडून जातं. मी साडी न चुरगळेल अशी खुर्चीत टेकून बसते आणि पाठांतर करते. दोन्ही पाठ केलं, कागदावरचं वाक्य आणि मला हवं असलेलं वाक्यही.

सून झालेली मुलगी शेजारी येऊन बसली. जळगावची. इंजिनीअरिंग पूर्ण करून आली आहे. पुण्यात एकांकिका करत होती, तिथून ऑडिशन. गुणी आहे. तिला एक काळजी होती.

"ताई, मला रडू लवकर येतं आणि क्लोजपर्यंत संपतं. ग्लिसरीन घेऊ का?"

"घे. त्यात कमीपणा नाही. पण आधी सांग, तू का रडतेस?"

"कारण माई नाही म्हणते."

"माई नाही म्हणणार हे तुला घरातून निघतानाच माहीत होतं. तरी तू पत्र तिच्याच हातात दिलंस. नवऱ्याच्या हातात का नाही दिलंस?"

ती विचारात पडली. मी पुढे काही सांगितलं नाही. पूर्वी हे प्रश्न तालमीत पडायचे, महिना महिना चालणाऱ्या तालमीत. रोजच्या मालिकेनं आमच्याकडून काय घेतलं असेल तर ती तालीम. आता जी होते ती अशी, दोन खुर्च्यांमध्ये, लाइट लागेपर्यंत.

समोर माझ्या दिरांचं काम करणारे ज्येष्ठ नट डोळे मिटून पडले होते. त्यांच्याकडे पाहिलं की २०२० आठवतं. मार्चमध्ये सगळी शूटिंग बंद पडली. उन्हाळा संपता संपता परवानगी मिळाली, पण पासष्ट वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मनाई होती. उच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये ती अट रद्द केली, तोवर आमचे दीर रोज फोन करून विचारायचे, कथेत मला मारलं तर नाही ना. ज्यांनी आयुष्यभर फक्त हेच केलं त्यांना घरी बसणं किती जड गेलं, ते मी जवळून पाहिलं. आणि त्याच सप्टेंबरमध्ये आशालता वाबगावकर गेल्या. साताऱ्याला मालिकेच्या चित्रीकरणासाठी गेल्या होत्या, तिथे कोविड झाला. 'मत्स्यगंधा'तली सत्यवती, अभिषेकीबुवांच्या चाली गाणारी गोव्याची मुलगी, नंतर हिंदी-मराठीतल्या कितीतरी आया. ऐंशीच्या उंबरठ्यावर घरापासून लांब त्या कामाला गेल्या होत्या. पैशासाठी गेल्या की हौसेसाठी, असं काही लोक विचारत होते. मला तो प्रश्नच कळला नाही. नट काम आलं की जातो.

४.५०

दिग्दर्शक आला. "चॅनलशी बोललो. तुम्ही स्वतः एकदा बोलाल का?"

फोनवर क्रिएटिव्हमधली मुलगी होती. पंचवीस-सव्वीसची असेल. ते भाग ती रुजू होण्याच्या आधीचे, तिनं पाहिलेले नव्हते आणि तिनं तसं सरळ सांगितलं. मी वहीतल्या पानाचा फोटो पाठवला. माझं म्हणणं एवढंच होतं की माईनं विरोध करावा, जोरात करावा, पण तिच्याजवळ जे खरं कारण आहे ते सांगून करावा. ती म्हणू शकते, "अकरा वर्षं नोकरी केली मी. संध्याकाळी साडेसातला घरी यायचे तेव्हा तुझा नवरा दारात बसून झोपलेला असायचा. म्हणून नाही म्हणतेय." या वाक्यानं माई सुनेची शत्रू राहत नाही. तरीही ती अडवते, आणि ते जास्त कठीण होतं.

मुलीनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ताई, हे छान आहे. पण हे आलं तर पुढचे तीन सीन बदलतात. त्यात सून म्हणते की तुम्हाला बाहेरचं जग माहीत नाही. ते उद्या लागतायत. आज मी एवढंच करू शकते की ते वाक्य काढा. त्याच्या जागी नवीन काही नको."

मनासारखं झालं नाही. पण माईच्या तोंडून खोटं तरी जाणार नव्हतं. मी हो म्हटलं.

५.२०

सतरा-ए. दिवाणखाना, संध्याकाळ. मास्टर एकदा घेतला, दुसऱ्यांदा ट्रॉली नीट बसली. वाक्य काढल्यामुळे पत्र वाचणं आणि नाही म्हणणं यांच्यामध्ये एक मोकळी जागा तयार झाली होती. तिथे काय करायचं ते मी दिग्दर्शकाला सांगितलं नाही, करून दाखवलं. पत्र वाचलं. घडी घातली नाही. पाकीट आणि पत्र एकावर एक ठेवलं, टेबलावर उभं आपटलं, एक कड सारखी केली, वळवलं, दुसरी कड. कॅशियरचे हात. ते चालू असताना नजर कागदांवरच ठेवली. मग पत्र सुनेसमोर सरकवलं आणि म्हटलं, "नाही."

दिग्दर्शक मॉनिटरवरून उठून आला. "ताई, हे हातांचं वेगळं घेऊया. टाइट." डीओपींनी, म्हणजे छायाचित्रकारांनी, लेन्स बदलली. रोजच्या मालिकेत हाताचा वेगळा क्लोज म्हणजे पंधरा मिनिटं जास्त, आणि ती पंधरा मिनिटं कुणाला तरी पुढे भरून काढावी लागतात. त्यानं ती दिली, हे मी विसरणार नाही.

मग सुनेचा क्लोज. इथे एक गोष्ट मी कधी सोडत नाही. समोरच्याचा क्लोज चालू असताना माझी वाक्यं एडीला वाचायला सांगून मेकअप रूममध्ये जायचं, असं पुष्कळ जण करतात. वेळ वाचतो, दमणूक वाचते. मी कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहते आणि तेच सगळं पुन्हा करते, तेवढ्याच जीवानं, आपण दिसणार नाही हे माहीत असून. समोरून खरं काही आलं तरच त्या मुलीच्या चेहऱ्यावर खरं काही येईल. मी हातातलं पत्र पुन्हा आपटून सारखं केलं. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ग्लिसरीनची बाटली हेअरच्या ताईंच्या हातातच राहिली. ती रडली नाही. तिनं पत्र उचललं, आणि माईच्या सवयीप्रमाणे त्याच्या कडा सारख्या करायला लागली. कागदात लिहिलेलं नव्हतं, कुणी सांगितलेलं नव्हतं.

"कट. ओके. ताई, काय झालं हे?"

मलाही कुठे माहीत होतं. सासूच्या हाताची सवय सुनेच्या हातात गेली होती, तेवढ्यात.

७.३०

आणखी दोन सीन. एक फोनवरचा, एकटीचा. समोर कुणी नाही, एडी पलीकडचं वाचतो. दुसऱ्यात फक्त दारातून बघायचं.

९.००

पॅकअप. मेकअप उतरवायला वीस मिनिटं लागतात. खोबरेल तेल आणि कापूस, बाजारातलं काही नको. हेअरच्या ताईंना कल्याणची लोकल गाठायची असते, म्हणून केस मी स्वतः सोडवते. त्या सकाळी माझ्याही आधी येतात. शिफ्ट बारा तासांची म्हणतात. त्यांच्या दिवसात प्रवास धरला तर पंधरा-सोळा तास होतात. आम्हाला आजच्या कामाचे पैसे धंद्याच्या रिवाजाप्रमाणे नव्वद दिवसांनी मिळतात. माझं चालून जातं. नुकत्याच मुंबईत आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीचं पहिले तीन महिने कसं चालत असेल, याचा विचार करायलाच हवा. कलाकारांच्या संघटना हे वर्षानुवर्षं मांडत आल्या आहेत. आउटडोअरला बायकांसाठी नीट स्वच्छतागृह असलेली व्हॅन, हीसुद्धा मागून घेतलेली गोष्ट आहे. माझ्या उमेदीच्या काळात खेडेगावात चित्रपटाचं शूटिंग असलं की आम्ही नायिकांपासून सगळ्याजणी सकाळपासून पाणी न पिता राहत असू. आजच्या मुली मागतात, भांडतात. त्यांनी भांडावं.

१०.४०

घरी. जेवण. गरम पाण्यात पाय. आज आमचा भाग लागून गेलेला. मी तो रात्री मोबाइलवर बघते, पण आपलं काम कसं दिसतंय एवढ्यासाठी नाही. कुठलं वाक्य संकलनात गेलं ते वहीत खुणेनं लिहायचं असतं. चित्रित झालं पण दाखवलं गेलं नाही, ते प्रेक्षकांच्या माईनं बोललेलं नसतं. ते खोडावं लागतं.

सव्वाअकराला फोन वाजला. संवादलेखक. आमची भेट फार तर दोनदा झाली असेल.

"ताई, झोपलात का? क्रिएटिव्हकडून तुमच्या वहीचं पान आलंय. मला ही पतसंस्था कुणी सांगितलीच नव्हती. मी जुने भाग आत्ता बसून बघितले."

"मग?"

"उद्याचे तीन सीन परत लिहितोय. चॅनल हो म्हणालंय, फक्त सून पुण्याला जाता कामा नये, निदान या महिन्यात. एक सांगा, पहिला पगार किती होता माईला?"

"साडेतीनशे. पहिल्या पगारातून मुलाच्या शाळेचे बूट घेतले, ते तिनं सांगितलंय. भागाचा क्रमांक पाठवते."

"आणि नोकरी सुटली कशी? अकरा वर्षांनी सोडली की काढलं?"

मी वही पहिल्यापासून चाळली. तो पलीकडे थांबला होता. मॅनेजरचा उल्लेख एकदा, टाळं लागल्याचा कुठेच नाही, आजारपण नाही. मुलाची दहावी त्याच वर्षी, पण त्याचा आणि नोकरीचा संबंध कुणी लावलेला नाही.

"ते अजून कुणी लिहिलेलंच नाही," मी म्हटलं. "तुम्हालाच लिहावं लागेल. आणि सीन सकाळी आठच्या आत पाठवा, मोठा असला तर मला पाठ करायला वेळ लागतो."